हँगर कोणाच्या हातात

हे तुम्ही केलंत. रोज सकाळी मोबाइलच्या काचेतून, मागे पुस्तकांचं कपाट आणि कुंडीतलं हिरवंगार झाड मांडून, साखर घोळलेल्या आवाजात तुम्ही या घरात शिरलात. कामावर माणसं कशी जोडावीत, घरातला वाद कसा मिटवावा, पोरांना न ओरडता कसं वळण लावावं, सगळं तुम्हाला येतं. माणसाचा चहा संपायच्या आत तुमचा सल्ला संपतो, आणि मग तुम्ही जाता. मागचं कोण आवरणार, ते सांगत नाही. तुमच्या त्या कपाटामागे कुणाची म्हातारी आई ओल्या अंथरुणात कूस बदलायची वाट बघत पडलीय, असं कधी कुणाला दिसलं नाही. या घरात दिसतं. म्हणून या घराला तुम्ही काय दिलंत, ते एकदा नीट बघा.

रविवार दुपार. लाँड्री बंद. बॉयलर सकाळीच विझवलेला, तरी घडी करायच्या खोलीत दमट ऊब रेंगाळत होती. साबणाचा आणि तापलेल्या सुताचा वास तर या भिंतींतून कधीच जात नाही. चादरींचा मोठा रोलर कापडाखाली झाकलेला. लांब टेबलावर हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे होते, ते दादानं कोपरानं एका बाजूला सारले आणि मधोमध लाकडी हँगर ठेवला.

हा हँगर तुमचाच. म्हणजे लाकूड लाँड्रीचं, अक्कल तुमची. 'घरातल्या बैठकीत एखादी वस्तू ठरवा. ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी मनापासून ऐकायचं.' दुसऱ्या कुणी चमचा ठरवला असता. यांनी कोटाचा रुंद खांद्यांचा हँगर ठरवला. दादानं तो कामगारांवरही वापरून बघितला होता. प्रेसवाला म्हणाला होता, "मालक, एका हातात प्रेस, एका हातात शर्ट. हँगर दातात धरू का?" तेव्हापासून हँगर फक्त घरच्यांसाठी राहिला.

मागच्या खोलीतून ताईनं आईची चाकाची खुर्ची ढकलत आणली. उंबऱ्यावर चाक अडलं. ताईनं खुर्ची मागे कलवली, पुढची चाकं अलगद वर घेतली, मग मागची. मदतीला कुणी उठलं नाही. हे काम तिचं आहे, हे इतकं मुरलं होतं की न उठण्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. आईचा उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा आणून ठेवल्यासारखा. ताईनं तो बाजूला घेऊन खाली उशी सरकवली आणि मगच बाकावर बसली. बसताना तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो कण्हण्याचा होता की नुसता श्वासाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ताई सगळ्यांत मोठी. घरात सगळेच तिला ताई म्हणतात, आईसुद्धा. तिच्यानंतर दादा. आणि शेवटचा धाकटा, जो लाँड्रीची गाडी चालवतो. त्याची बायको खिडकीपाशी मशीनवर बसून गिऱ्हाइकांची रफू, बटणं, चेन बघते. तिला सगळे धाकटी म्हणतात. त्यांची चिमणी आज मैत्रिणीकडे खेळायला पाठवली होती, कारण आज मोठ्यांचं बोलणं होतं.

दादानं हँगर उचलला.

"सगळे वेळेवर आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पहिलं म्हणजे, ताई, आईसाठी तू जे करतेस ना, त्याला तोड नाही. मी हे मनापासून म्हणतोय."

आलं, धाकट्याच्या मनात आलं. आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक. वरून मऊ, खालून मऊ, मध्ये खिळा. गाडीला ओरखडा पडला त्या दिवशी दादानं त्यालाही असंच घोळात घेतलं होतं. 'तू फार जबाबदार ड्रायव्हर आहेस' असं दादा म्हणाला, तेव्हाच धाकट्याला कळलं होतं की आता धुलाई आहे.

"फक्त ही जी नोकरीची गोष्ट आहे," दादा म्हणाला, "ती आपण थोडी पुढं ढकलावी, असं मला वाटतं. आणि खरंच, तुझ्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं."

त्यानं हँगर टेबलावर ठेवला. ताईनं तो उचलला. वजन जोखावं तसा हातात धरला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या मॅडमना उद्या सकाळपर्यंत कळवायचंय. येत्या शनिवारी मी निघणार. मला तुमच्याकडून एकच कळायला हवंय. मी गेल्यावर आईचं कोण करणार?"

तिनं हँगर ठेवला.

दादानं मान हलवली. हळू, वरून खाली, डोळे तिच्या डोळ्यांत ठेवून.

"म्हणजे तुला असं वाटतंय, की आईची जबाबदारी तुझ्या एकटीवर पडलीय."

"वाटत नाहीय. पडलीय."

"पडलीय, असं वाटतंय."

"दादा, परवा रोलरला तुझं बोट लागलं, तेव्हा तुला भाजलं होतं का भाजल्यासारखं वाटलं होतं?"

धाकट्याला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात ढकललं.

"ताई, हँगर माझ्या हातात आहे," दादा म्हणाला. खरंच होता. तिनं ठेवल्या ठेवल्या त्यानं उचलला होता.

दादाला वाईट म्हणून सोडून दिलं असतं, तर काम सोपं होतं. पण तो तसा नाही. मोठी वहिनी, म्हणजे त्याची बायको, घर सोडून गेली त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होती, 'मी काय बोलते ते तुला ऐकूच येत नाही.' हे त्याच्या कानात जे बसलं, ते बसलंच. त्याच आठवड्यात त्याला तुम्ही सापडलात. चांगलं ऐकावं कसं, यावर. तो लाँड्रीच्या आरशासमोर उभा राहून शिकला, ज्या आरशात गिऱ्हाइकं कोट घालून बघतात. पुढं झुकायचं. मान हलवायची. समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवायचं. 'समजतंय मला.' परत. 'समजतंय मला.' मग त्यानं वहिनीला फोन केला आणि तिचं म्हणणं जसंच्या तसं तिला परत ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आधी ऐकत तरी नव्हतास. आता ऐकल्याचं सोंग करतोस,' आणि फोन ठेवला. एवढं होऊनही त्यानं तुम्हाला सोडलं नाही. दुसरं त्याच्यापाशी होतं तरी काय?

"तुझी चिडचिड मला समजते," तो आता ताईला म्हणाला. "तिला जागा देऊया आपण."

"तिला जागा नको. मला उत्तर हवंय."

"एक काम करू. आपण दोन पर्याय बघू. तू तिकडं पुढच्या वर्षी जाशील, का त्याच्या पुढच्या? तू ठरव. निर्णय तुझाच."

ताईनं धाकटीकडे बघितलं.

"लाल मोजे का निळे?" ताई म्हणाली.

धाकटीनं मान खाली घातली. चिमणी शाळेत जायचं नाही म्हणून जमिनीवर लोळली होती, तेव्हा तुमच्याच सांगण्यावरून या नवरा-बायकोनं तिला विचारलं होतं, लाल मोजे घालणार का निळे. पोरगी गोंधळली. रडायची थांबली. मग एका पायात लाल, एका पायात निळा घालून हुंदके देत शाळेत गेली. शाळेत का जायचं नाही, हे तिला त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. वर्गात मागे बसणारी मुलगी पेन्सिल टोचते, हे पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. तेही ताईला, आंघोळीत चिमणीची पाठ चोळताना.

"तू काहीतरी बोल ना," दादा धाकट्याला म्हणाला आणि हँगर पुढं केला.

धाकट्यानं तो घेतला तर खरा. काय बोलणार? पहाटे गाडी काढायची, हॉटेलांच्या मागच्या दारांनी मळक्या चादरींचे बोचके भरायचे, इस्त्रीचे गठ्ठे पोचवायचे. घरी आलं की त्याला जेवण आणि झोप याशिवाय काही सुचत नाही. आईच्या खोलीत तो दारापर्यंत जातो. 'काय आई, बरी आहेस ना?' म्हणतो आणि ती काही म्हणायच्या आत वळतो. तिच्या खोलीत त्याला कसंतरी होतं. कशानं होतं, ते त्यानं कधी शोधलं नाही.

"मी तर गाडीवर असतो," तो म्हणाला. "म्हणजे माझं जमण्यासारखं... मला वाटतं, जे काय ते सगळ्यांच्या मनासारखं व्हावं."

"वा," ताई म्हणाली. "यासाठी हँगर कशाला लागला तुला?"

"ताई, टोमणे नकोत," दादा म्हणाला. "'तू' म्हणून बोललं की समोरचा दुखावतो. 'मी' म्हणून बोल. मला असं वाटतं, मला असं होतं."

"बरं. मला असं होतं, की तुला एक ठेवून द्यावी."

आईच्या घशातून आवाज आला. हसली असावी. आजारपणानंतर तिचं हसणं आणि ठसका ओळखू यायचा तो फक्त ताईला. ताईनं न बघताच हात लांब करून तिच्या ओठांचा कोपरा पुसला.

दादानं धाकट्याच्या हातातला हँगर काढून धाकटीपुढं धरला. चेहऱ्यावर तुमचंच हसू.

"तूही घरचीच आहेस. मोकळेपणानं बोल. तुझं मत फार महत्त्वाचं आहे."

या घरात सुनेला काम न मागता मिळतं. हँगर मिळाला की समजायचं, कुणाला तरी आपली साक्ष हवीय. धाकटीला हे कळत होतं. हेही कळत होतं, की ताई गेली तर आईचं कुणावर येणार. तिनं रात्रभर हाच विचार केला होता. दोन पुरुष एकमेकांकडे बघतील आणि मग दोघं मिळून खिडकीतल्या मशीनकडे बघतील. त्यावर कुणी ओरडणार नाही. छान शब्दांत सांगतील. तिला म्हणतील, तुझ्यात किती माया आहे. ताई इथंच राहण्यात तिची सुटका होती. नुसतं 'ताई, थोडं थांबा' एवढं म्हटलं, की झालं.

तिनं ताईच्या हातांकडे बघितलं. जंतुनाशकानं बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. आईची चादर ताई स्वतः धुते, लाँड्रीच्या गठ्ठ्यात घालत नाही. अंथरताना शिवण पाठीखाली येऊ देत नाही, कारण नुसत्या शिवणीनंही कातडी सोलवटते. हे सगळं उद्या मला करायचंय, धाकटीच्या मनात आलं. आणि मी थकले म्हटलं, की हे सगळे माना हलवतील. मग माझ्यासाठीही कुठंतरी फोन करतील.

"भाऊजी," ती म्हणाली, "काल तुम्ही त्या मॅडमना फोन केलात, ते सांगून टाका. नाहीतर मी सांगते."

दादाची मान हलायची थांबली.

"काय?" धाकटा म्हणाला.

"मी कोटांच्या रांगेमागं होते. चेन लावायचा कोट शोधत होते. यांना वाटलं, आत कुणी नाही."

"अगं, मध्येच कुठं..." धाकटा म्हणाला.

"मध्येच कुठं? हँगर माझ्याच हातात आहे. तुम्ही ऐका."

ताई उठली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"आधी समजून घे—"

"काय सांगितलंस?"

"एवढंच सांगितलं, की ती सध्या फार थकलीय." दादाचा आवाज अजूनही मऊच होता, तेवढा मात्र त्यानं पक्का घोटला होता. "मनाची अवस्था ठीक नाही. अशा वेळी ती हो म्हणाली, तरी तुम्ही ते धरून बसू नका. थोडे महिने थांबा. बस. तुझ्या भल्यासाठी, ताई. थकलेल्या माणसानं मोठा निर्णय घेऊ नये. हे मी नाही म्हणत, मानसशास्त्र आहे ते."

"मनाची अवस्था ठीक नाही," ताई म्हणाली. चादर झटकून बघावी, तसे ते शब्द तिनं एकदा उलगडून बघितले. "असं सांगितलंस. जिथं मला माणसं सांभाळायचीत, त्या माणसांना."

"जागा गेली असं नाही म्हणाल्या त्या. विचार करतो म्हणाल्या."

"मग मी निर्णय घ्यायचा कधी, दादा? सांग ना. थकवा गेल्यावर? तो जाणार कधी? मला थकवता तुम्ही, आणि थकलीस म्हणून गप्प बस, असंही तुम्हीच म्हणता. यातून बाहेर पडायचं दार कुठं आहे, ते दाखव. मी आत्ता जाते."

"हे बघ, मी तुझं ऐकतोय—"

"तू ऐकत नाहीस. तू इस्त्री फिरवतोस. मी काही बोलले, की सुरकुती पडल्यासारखा येतोस आणि वरून फिरवतोस."

दादाचा चेहरा उतरला. जवळपास हेच शब्द त्यानं याआधी दारात ऐकले होते. एक क्षण असा आला, की तो काहीतरी स्वतःचं बोलेल. ओठ उघडलेही. पण त्याच्यापाशी स्वतःचं असं काही तयार नव्हतं. त्यानं ओठ मिटले आणि सवयीनं मान हलवली.

"हे काही बरोबर केलं नाहीस तू, दादा," धाकटा म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "फोन वगैरे. हे नाही बरोबर."

"मग तू करणार का आईचं?" दादा फटकन म्हणाला. दुपारभरातलं हे त्याचं पहिलं न घोटलेलं वाक्य.

धाकट्यानं खांदे पाडले. दादाच्या विरुद्ध तो उभा राहिला होता, तो एवढाच वेळ. इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर खुर्चीवर गेली.

"आईलाच विचारा ना," तो म्हणाला. "तिला काय हवंय ते."

धाकटीनं डोळे मिटले. अंगावर येणारं काम दुसऱ्याच्या मांडीवर सरकवण्यात हा माणूस तरबेज होता. पण सुचलं सगळ्यांना पटण्यासारखं. दादाला तर फारच. तो खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. तुम्ही म्हणता ना, मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीवर या. तसा.

"आई," तो सावकाश, मोठ्यानं म्हणाला, "तुला काय आवडेल? ताई जवळ असलेली, का आपण एखादी बाई ठेवलेली?"

आईला ऐकू नीट येत होतं. कमी झालं होतं ते बोलणं. गुडघ्यावर बसलेल्या पोराच्या डोक्यावरचे पांढरे केस तिला दिसले. तिला वाटलं, याला सांगावं की ऊठ, गुडघे दुखतील. ही लाँड्री उभी करताना ती स्वतः वाफेत उभी राहिली होती, पोरं याच टेबलाखाली खेळली होती. तेव्हा ती त्यांच्यावर ओरडायची. चापटही मारायची. पण पोरं काही म्हणाली, तर हो किंवा नाही, लगेच सांगायची. आता कुणी तिला हो-नाही विचारलं होतं. पुष्कळ दिवसांनी.

तिनं डावा हात पुढं केला. धाकटीला कळलं. तिनं हँगर त्या हातात दिला.

खरं काय होतं? ताईचे हात तिला पाठ होते. ताईचा अंगठा कुठं टेकतो, कूस वळवताना ती आधी काय म्हणते. दुसऱ्या कुणाचे हात आपल्या अंगावर येणार, या कल्पनेनं ती अंग आखडून घ्यायची. पोरगी झिजतेय, हे तिला दिसत होतं. या वेळी मोठ्या मनानं 'जा बाळ' म्हणायचं असतं, हेही तिला ठाऊक होतं. पण तिला खोटं बोलायचं नव्हतं. बोलायला इतके कष्ट पडत असताना खोटं कशाला बोलायचं?

"ताई," ती म्हणाली. थांबली. जीभ गोळा केली. "ताईच. दुसरं... कुणी नको. मला... भीती वाटते."

दादानं हळूच वळून बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं होतं. पण त्या पाण्याखाली सुटका झाल्याचं सुखही होतं. तेही खरंच.

"बघ, ताई," तो म्हणाला. "आईचीच इच्छा आहे."

ताई उठली. खुर्चीपाशी गेली. आईच्या गालावर हात ठेवला. आईनं तिच्याकडे बघितलं, नजर चुकवली नाही.

"ऐकलं मी," ताई म्हणाली. "दुपारपासून या खोलीत तू आणि ही धाकटी, दोघीच सरळ बोललात. तुला भीती वाटते, ते मला माहीत आहे. मी जाणार आहे तरी."

आईनं तोंड फिरवलं. आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. ताईनं थोडा वेळ वाट बघितली. मग गालावरचा हात काढून घेतला.

तिचं कसलं स्वप्न नव्हतं. नवं शहर बघायचं, नाव कमवायचं, यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. तिला शिफ्ट संपणारी नोकरी हवी होती. भोंगा झाला की हात धुवायचे, ॲप्रन खुंटीला लावायचा आणि खोलीत जाऊन दार लावायचं. दाराला आतून कडी. मग कुणी हाक मारेल म्हणून एक कान उघडा ठेवून झोपायचं नाही. दोन्ही कान मिटून झोपायचं. एवढंच. एवढ्यासाठी तिला आईला दुखवावं लागत होतं. आपण दुखवतोय, हे तिला कुठल्याही गोड शब्दात गुंडाळायचं नव्हतं.

तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, फोन लावला.

"मॅडम, मी बोलतेय. लाँड्रीच्या सुपरवायझरच्या जागेसाठी... हो, रविवारचा त्रास देतेय... हो, कळलं मला, काल भावाचा फोन आला होता ते. मॅडम, मी थकलेली आहे. ते त्यानं खरं सांगितलं. मनाची अवस्था वगैरे म्हणाला, तर तसं काही नाही. थकले म्हणूनच येतेय... नाही, तो परत फोन करणार नाही. केलाच, तर माझ्याशी बोला म्हणा... हो. शनिवारी निघते. सोमवारी कामावर हजर."

तिनं फोन टेबलावर उलटा ठेवला. मग आईच्या हातातून हँगर घेतला. आईनं तो लगेच सोडला नाही. ताईनं बोटं एकेक करून सोडवली, न ओढता, रोज सकाळी हाताचा व्यायाम देताना सोडवते तशी.

"आता तुला राग आलाय, हे मला—" दादानं सुरुवात केली.

ताईनं हँगर वर धरला. तो थांबला. त्याचा नियम होता, त्याला थांबावंच लागलं.

"पुढच्या रविवारी मी इथं नसेन," ती म्हणाली. "सकाळी आई जागी होईल, तेव्हा ती ओली असेल. तिला स्वतःला वळता येणार नाही. घाबरलेली असेल, कारण मी दिसणार नाही. तिला कोण उठवणार?"

धाकट्यानं बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," धाकटी म्हणाली. "जन्म तुम्हाला दिलाय त्यांनी. मी हात लावीन, नाही म्हणत नाही. पण तुमचा हात लागल्यावर."

धाकट्याची नजर जमिनीवर गेली. मग रोलरवर. मग दाराकडे, जिथं गाडीच्या चाव्या खुंटीला लटकत होत्या. मग सगळ्यांची नजर हळूहळू दादावर येऊन थांबली. तो गुडघ्यावरून अजून उठला नव्हता. उठायला टेबलाचा आधार शोधत होता.

ताईनं हँगर त्याच्यापुढं धरला. तो घेईना.

"घे," ती म्हणाली. "धर हातात. आणि मला काय वाटतंय, ते सांगू नकोस. मला ठाऊक आहे. आईला कोण उठवणार, ते सांग. बोल, दादा. मी ऐकतेय."